धावणाऱ्या माणसाचं चित्र

चित्रांतली खोट काढणं हा माझा धंदा आहे. सरकारी खाती, बँका, बोटवाले, कुणीही वेबसाइटवर चित्र टाकायचं म्हटलं की ते आधी राजधानीत, आपियातल्या आमच्या ऑफिसात येतं आणि तिथून माझ्या टेबलावर. मी ते काच तडकलेल्या जुन्या फोनवर उघडते. भर उन्हात बाहेर नेऊन बघते. रंग काढून टाकून, नुसतं राखाडी करून बघते. डेटा किती खातं ते बघते, कारण आठवड्याच्या शेवटी आमच्या लोकांच्या फोनात डेटा उरतो कुठे. चित्राच्या पोटात अक्षरं कोंबली असतील तर सरळ परत पाठवते. न दिसणाऱ्याला त्याचा फोन ती अक्षरं वाचून दाखवत नाही. हे सगळं पार पडलं की शेवटी ते चालत्याबोलत्या माणसांना दाखवायचं, फोन काढून घ्यायचा आणि विचारायचं, काय करायचं सांगितलंय? या एका प्रश्नाने मी कितीतरी देखणी चित्रं घरी पाठवली आहेत. चित्रं काढणारे मला टरकून असतात आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

चित्रकार इओसुआने त्सुनामीच्या लाटेच्या इशाऱ्यासाठी काढलेलं चित्र मात्र मला बघताक्षणी आवडलं. डावीकडे वाजणारी घंटा, मधे धावणारा माणूस, त्याच्या पाठीशी समुद्र उठलेला आणि पुढे डोंगर. एक अक्षर नाही. राखाडी केलं तरी तितकंच स्पष्ट. दक्षिण किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत भोंगे नाहीत, म्हणून तिथे गावची घंटाच वाजवायची असं वरून ठरलं होतं, आणि इओसुआने ते इमानेइतबारे काढलं होतं. महिनाअखेर वेबसाइटवर त्याचं पान सुरू व्हायचं होतं. फक्त माझी सही बाकी होती.

मी ते पहिल्यांदा फागासिनाला नेलं. ते माझं माहेर. मागच्या मोठ्या लाटेत माझी वहिनी आणि तिची धाकटी मुलगी तिथे बुडून गेल्या. ज्या जोत्यावरचं घर पाण्याने उचललं त्याच जोत्यावर माझ्या भावाने पुन्हा घर उभं केलं आणि आता तिथे त्याची नातवंडं चटईवर लोळत असतात. सगळ्यांनी सांगून पाहिलं, डोंगराच्या बाजूला बांध. त्याने ऐकलं नाही. तो गावचा मोठा मताई, म्हणजे मुखिया आहे, तुईफाओ हा त्याचा किताब, आणि तुईफाओचं घर समुद्राकडे तोंड करून असतं, आजोबाच्या आजोबापासून. तेव्हा चित्र कुणाला कळो न कळो, त्या घरात कळलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शनिवारी दुपारी बायका चटया विणत बसल्या होत्या. फोन मी आधी चुलतबहीण फेतूआओच्या हातात दिला, आणि काढून घेतला.

"काय करायचं?"

"घंटा झाली. घरात जाऊन बसायचं," ती म्हणाली. "प्रार्थना."

"आणि हा धावतोय तो?"

"तो सापडला. आता भरतो दंड."

बायका हसून लोटपोट झाल्या. एक म्हणाली, हा आपियाचा दिसतोय, गावच्या माणसाला एवढी अक्कल असते. दुसरीने विचारलं, याच्या मागे कोण लागलंय, पोरं का? समुद्र उठलाय तो दिसला नाही का, असं मी विचारलं तर म्हणे दिसला की, भरती असेल. बाहेर पोउतोआ नारळ सोलत होता, गावातला सगळ्यात धिप्पाड आणि सगळ्यात जास्त वेळा दंड भरलेला पोरगा. त्यालाही दाखवलं. तो म्हणाला, हा तर मीच, फक्त माझे पाय याहून बरे आहेत.

मला हसू आलं नाही. रोज सूर्य बुडताना आमच्याकडे सा लागतो, प्रार्थनेची घटका. आंब्याला टांगलेल्या गॅसच्या रिकाम्या नळकांड्यावर लोखंडाची कांब आपटतात, आणि गाव जिथल्या तिथे थांबतं. रस्त्यावर फक्त राखण करणारी पोरं. बाकी सगळे घरात, खाली मान घालून. त्या वेळात जो हलला त्याला मासळीच्या डब्यांचं एक खोकं दंड, आणि खोकं म्हणजे आठवड्याची मजुरी. तान्ही पोरंसुद्धा तो आवाज ऐकला की रांगायची थांबतात. लाट येईल तेव्हा फागासिनात हेच नळकांडं वाजणार होतं. आणि माझा भाऊ, त्याची नातवंडं, या सगळ्या हसणाऱ्या बायका, खाली मान घालून बसणार होत्या.

सोमवारी मी ऑफिसात सांगितलं, चित्र नापास. आमची साहेब मालाएआ शांतपणे म्हणाली, मग घंटा काढून टाका आणि भोंगा घाला. इओसुआने जेवायच्या सुट्टीआधी ते करून दिलं. मी ते आपियाच्या बाजारात दाखवलं, पश्चिमेकडच्या गावांत दाखवलं, फागासिनातही पाठवलं. एकजात सगळ्यांनी बरोबर सांगितलं, डोंगराकडे पळायचं. असा निकाल मला क्वचित मिळतो.

"मग कर सही," मालाएआ म्हणाली.

"फागासिनात भोंगा नाही."

"वाओसा, भोंगे बसवणं आपलं काम नाही. आपण चित्रं तपासतो. हे चित्र लोकांना कळतं की नाही?"

"कळतं."

"मग?"

ती चुकत नव्हती, आणि म्हणूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्यासारख्या गावात वाजणार घंटा आणि चित्रात भोंगा. ते बघून लोकांना सगळं समजलंय असं कागदोपत्री दिसणार, आणि मी त्यावर माझं नाव घालायचं. मी म्हटलं, घंटाच राहील, महिनाअखेरपर्यंत थांब. ती म्हणाली, चित्र बदलत नाहीस तर मग काय गाव बदलणार आहेस? मी म्हटलं, हो.

बसने गावी जाईपर्यंत माझी ती ऐट उतरली. तुईफाओला सा म्हणजे जीव की प्राण. शेजारच्या गावांत हल्ली साच्या वेळी गाड्या जातात, पोरं गाणी लावतात, आणि तो ते आमच्या गावाच्या अब्रूशी ताडून बघतो. त्याला जाऊन सांगायचं की तुझी शिस्तच तुला बुडवणार, हे सोपं नव्हतं.

तो खांबाला पाठ लावून बसला होता, उजवा पाय उशीवर. साखरेच्या दुखण्याने त्या पायाची दोन बोटं नेली आहेत. मी कोको पिऊन होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले आणि मग सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. घंटा दोन तऱ्हांनी वाजवू, तो म्हणाला. साच्या वेळी सुटे ठोके आणि लाटेला न थांबता. रविवारी देवळात पाद्री सांगेल. झालं तुझं काम.

"वाजवून बघू या," मी म्हटलं.

"लोकांना सांगितलं की कळतं. माझे लोक मठ्ठ नाहीत."

"मठ्ठ नाहीत म्हणूनच भीती वाटते. तू सांगशील तेवढंच करतील."

उगीच रिकामी घंटा वाजवून गावाला पळवायचं म्हणजे त्याला पोरखेळ वाटत होता. तेव्हा मी तो शब्द वापरला. आमच्यात भावाने बहिणीचं मागणं मोडायचं नसतं. तो करार आहे, जन्माबरोबर आलेला, आणि शहाणी बहीण तो वर्षानुवर्षं काढत नाही. मी म्हटलं, तुईफाओ, तुझी बहीण म्हणून मागते. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या खिशात हात घातला होता. मग मान हलवली.

रविवारी पाद्र्याने सांगितलं. सोमवारी मताई मंडळी सभेत आवाचं पेय प्यायला बसली आणि तिथेही ठरलं. मंगळवारी दुपारी, उन्हं कलायच्या आत, नळकांडं न थांबता वाजायला लागलं.

मी रस्त्यावर उभी होते. घरांना भिंती नाहीत, त्यामुळे सगळं गाव दिसत होतं. लोक उठले. घराच्या कडेपर्यंत आले. आणि बसले. सगळ्यांच्या माना तुईफाओच्या घराकडे वळलेल्या. सांगितलेलं सगळ्यांना पाठ होतं, नंतर मी विचारलं तर एकानेही चुकीचं सांगितलं नाही. पण मताई अजून बसलेला आहे आणि आपण उठून पळायचं, हे त्यांच्या अंगात नव्हतं. घंटा किंचाळत राहिली आणि गाव बसून राहिलं.

तुईफाओने ते पाहिलं. त्याने काठी घेतली, कमरेचा लावालावा सारखा केला आणि उठला. पळणं शक्यच नव्हतं, पायाने नाही आणि किताबानेही नाही. तो चालायला लागला, रस्ता ओलांडून डोंगराच्या वाटेने, सरळ पाठीने. आणि मग सगळं फागासिना उठलं.

क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. फक्त क्षणभर. कारण त्याच्या पुढे कुणी गेलं नाही. मोठ्या मताईला मागे टाकून कोण जाणार? त्याचा दुखरा पाय जितकं अंतर कापेल तितकंच गाव पुढे सरकत होतं. ज्या पोरांना धावताना कुत्री गाठू शकत नाहीत ती पोरं मुंगीच्या पावलांनी चालत होती. कडेवर लेकरं घेतलेल्या बायका, पोउतोआ आणि त्याची मित्रमंडळी, तुईफाओची स्वतःची नातवंडं, सगळी त्या काठीच्या मागे, अदबीने. लांबून कुणी बघितलं असतं तर अंत्ययात्रा समजलं असतं.

मी मागून धावत गेले आणि त्याला गाठलं. "मागे बघ," मी म्हटलं.

त्याने वळून पाहिलं. अजून आम्ही अळूच्या मळ्यापाशीसुद्धा पोहोचलो नव्हतो. समुद्र हाकेच्या अंतरावर होता. त्याने पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांकडे पाहिलं. त्याचा चेहरा मी आयुष्यात दोनदा तसा पाहिलाय, आणि पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या मांडीवर त्याची मुलगी होती.

तो रस्त्याच्या कडेला सरकला आणि एका दगडावर बसला.

"चला पुढे," तो म्हणाला.

कुणी हललं नाही. बसलेल्या मताईसमोरून उभ्याने जाणं तर त्याहून वाईट. पुढच्या दोघी कमरेत वाकल्या आणि क्षमा मागत, पावलं मोजत, त्याच्यासमोरून सरकायला लागल्या.

"वाकू नका. पळा." त्याने काठी जमिनीवर आपटली. "माझ्या मागे जो राहील त्याला एक डुक्कर दंड."

तेव्हा गाव पळालं. पहिल्यांदा पोरं, मग बायका, मग लावालावे सावरत म्हातारे मताई. धूळ उडाली आणि वाट रिकामी झाली. खाली कांब आपटणारा मात्र अजून आपटत होता, त्याला थांब म्हणून सांगायला कुणी उरलं नव्हतं.

मी भावाशेजारी बसले. त्याला धाप लागली होती. डुक्कर जरा महाग झालं, असं मी म्हटलं. तो म्हणाला, मासळीच्या खोक्याला हल्ली कुणी घाबरत नाही.

"आणि खरी लाट आली म्हणजे? तू?"

"मी इथे. हा दगड बरा आहे."

"तुईफाओ."

"कुणीतरी बसून दाखवलं पाहिजे की पुढे जायला हरकत नाही. नाहीतर पुन्हा सगळे माझ्या मागे." तो समुद्राकडे बघत होता. "तुझ्या त्या चित्रं काढणाऱ्या पोराला सांग, असं चित्र काढ. म्हातारा कडेला बसलाय, हात डोंगराकडे. लोक त्याच्या पुढून पळतायत. ते कळेल माझ्या लोकांना."

"मी बहीण म्हणून सांगते..."

"तो शब्द तू गेल्या आठवड्यात खर्च केलास."

त्याच्याशी कोण वाद घालणार. खरं म्हणजे घालायला हवा होता असं मला वाटत होतं, पण तो बरोबर बोलत होता आणि मला रडू येत होतं, दोन्ही एकदमच. मी ऑफिसात जाऊन इओसुआला सांगितलं. तो हुशार पोरगा आहे. त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर मताईच्या मानाची चवरी घातली, म्हणजे तो कोण ते लांबूनही कळावं. घंटा ठेवली. पळणारी माणसं ताठ, म्हाताऱ्याकडे न बघणारी. उन्हात दिसलं, राखाडीत दिसलं, डेटा नावाला. मालाएआ बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, आपल्या ऑफिसातून इतकं चांगलं चित्र गेलेलं मला आठवत नाही. मलाही आठवत नव्हतं. मला ते चित्र बघवत नव्हतं.

तरी नियम तो नियम. मी ते फागासिनाला नेलं.

या वेळी तुईफाओच्याच घरी बसलो. तो आपल्या खांबाशी, डोळे मिटून, ऐकत नसल्यासारखा. फेतूआओने फोन बघितला आणि हळूच म्हणाली, घंटा झाली की पळायचं, मताईसाठी थांबायचं नाही. दुसरीनेही तेच सांगितलं. नातवंडांतल्या मोठीनेही तेच सांगितलं आणि आजोबाकडे पाहिलं. या वेळी कुणी हसत नव्हतं. सगळी उत्तरं बरोबर होती आणि मी एकेक टिपून घेत होते.

शेवटी पोउतोआ आला. बाहेरच्या पायरीवर बसला, फोन हातात घेतला आणि मी मागायच्या आधीच परत दिला.

"हे चुकलंय."

"चूक बरोबर मी बघते. काय करायचं सांगितलंय ते सांग."

"म्हाताऱ्याला टाकून पळायचं. कळलं मला. सगळ्यांना कळेल."

"मग झालं."

"कळलं, पण मी करणार नाही." तो माझ्याशी बोलत होता, पण आवाज खांबापर्यंत जाईल एवढा होता. "आम्ही चौघं आहोत. परवा धुळीत पळालो ते डुकराच्या भीतीने, आणि वर गेल्यावर एकमेकांच्या तोंडाकडे बघवेना. त्यांना उचलायचं आणि पळायचं. खुर्चीत घालून, नाहीतर पाठीवर. ते ओरडले तरी. बाकी गाव पुढे जाऊ दे, त्यांना आम्ही घेऊन येतोय हे दिसलं की कुणी मागे वळून बघणार नाही."

मताईला मुडद्यासारखं उचलायची भाषा, तीही त्याच्यासमोर, तीही या पोराच्या तोंडून. मी पेन खाली ठेवलं. माझ्या कामात माणसाला चित्र कळणं पुरत नाही, ते त्याच्याकडून घडलं पाहिजे. हे चित्र नापास होतं, आणि इतक्या आनंदाने मी कधी कुठलं चित्र नापास केलं नव्हतं.

तुईफाओने डोळे उघडले.

"मताईसमोर उलट बोललास," तो म्हणाला. "मासळीचं एक खोकं. शनिवारपर्यंत."

"हो," पोउतोआ खाली मान घालून म्हणाला.

माझा भाऊ मग माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायची तसदी त्याने घेतली नाही.

"तो म्हणतो तसं काढ," तो म्हणाला.